रँड, जॅक्सन आणि पत्री सरकार : स्वातंत्र्यलढ्यातील हिंसेचे समर्थन कोठवर करता येईल?

मूळ लेख

महाराष्ट्रातील सशस्त्र क्रांतीचा विषय निघाला की एकीकडे हुतात्म्यांच्या प्रत्येक कृतीला वंदन केले जाते आणि दुसरीकडे हिंसा ती हिंसाच असे सांगून विषय संपवला जातो. माझे मत या दोहोंपेक्षा निराळे आहे. परकीय सत्तेविरुद्ध शस्त्र उचलणे नैतिकदृष्ट्या समर्थनीय असू शकते, परंतु करणाऱ्याचे धैर्य किंवा त्याचा त्याग हा त्याचा आधार होऊ शकत नाही. त्या कृतीने चालू असलेला कोणता अन्याय रोखला गेला, दुसरा मार्ग शिल्लक होता का, आणि ज्या लोकांच्या नावाने ती केली गेली त्यांना तिच्याबद्दल काही म्हणता येत होते का, हे तपासावे लागते.

१८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यातील प्लेगची मोहीम रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती आली. सैनिक घरांत आणि थेट देवघरांत शिरले, लोकांचे सामान जाळले गेले, स्त्रियांना परक्या पुरुषांसमोर तपासणीला उभे राहावे लागले. वृत्तपत्रांनी लिहिले, नागरिकांनी तक्रारी केल्या, पण कोणी दखल घेतली नाही. हा अपमान खरा होता, आणि तो अनुभवलेल्या शहराला संयमाचे धडे देण्याचा अधिकार आज आपल्याला नाही. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. सैनिकांच्या झडत्या मे महिन्यातच थांबल्या होत्या, आणि चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या त्या २२ जूनच्या रात्री, राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून अधिकारी परतत असताना. म्हणजे ती कृती झाल्या अन्यायाचा सूड होती. सूड मी समजू शकतो. त्याला न्याय म्हणताना मात्र माझी लेखणी अडखळते.

नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्या बाबतीत मला एवढाही संदेह वाटत नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याला मारले तेव्हा तो बदली होऊन नाशिक सोडण्याच्या बेतात होता. कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचे होते. एक कलेक्टर गेला, दुसरा आला. पुढील चार महिन्यांत कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे हे तिघे तरुण ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले आणि धरपकडीत अभिनव भारत या गुप्त क्रांतिकारी संघटनेची नाशिकमधील फळी मोडून पडली.

साताऱ्याचे प्रतिसरकार, म्हणजे ब्रिटिशांना समांतर सरकार, ज्याला लोक पत्री सरकार म्हणत, ते मला वेगळे वाटते. ३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या कचेरीवर निःशस्त्र मोर्चा गेला आणि रक्त न सांडता तेथे तिरंगा लागला. त्यानंतर आठवडाही उलटला नाही तोच, ९ सप्टेंबरला, वडूजच्या तशाच मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी हाती झेंडा असताना पडले. निःशस्त्र मार्ग लोकांनी आधी चालून पाहिला होता. त्यानंतर नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली १९४३ पासून गावोगावी जे उभे राहिले, त्यात शेणोलीजवळ रेल्वेगाडीची आणि धुळे जिल्ह्यात सरकारी खजिन्याची लूट होती, तुफान सेना हे त्याचे स्वतःचे दल होते, त्याचबरोबर न्यायदान मंडळे होती, सावकारीला आणि दरोडेखोरीला बसलेला आळा होता, अल्प खर्चाची लग्नेही होती. त्यामागे भूमिगतांना रात्रीच्या रात्री आसरा देणारी गावे होती. गावाने भाकरी थांबवली असती तर ती चळवळ आठ दिवसही टिकली नसती. तिच्यावर लोकांचा हा अंकुश होता, म्हणून तिच्या हिंसेचे समर्थन करता येते असे मी मानतो.

प्रतिसाद १

आपली कसोटी काळजीपूर्वक मांडली आहे, परंतु तिच्यात मरणाऱ्यांचा हिशेब अपुरा आहे. आपण रँडबद्दल लिहिले. मागच्या गाडीत बसलेल्या लेफ्टनंट आयर्स्टबद्दल लिहिले नाही. त्याच्यासाठी कट रचलाच नव्हता आणि तो जागीच गेला. लंडनमध्ये १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या तेव्हा मध्ये पडलेले पारशी डॉक्टर लालकाका मृत्युमुखी पडले. ही माणसे योगायोगाने मेली असे म्हणून पुढे जाता येत नाही, कारण अंधारात किंवा गर्दीत पिस्तूल चालवण्याच्या पद्धतीतच असे मृत्यू सामावलेले असतात.

दुसरे असे की शस्त्र एकदा हाती आले की ते फार काळ परक्यावरच रोखलेले राहत नाही. द्रविड बंधूंनी बक्षिसासाठी चापेकरांची माहिती दिली हे निंद्य होते यात शंका नाही, पण फेब्रुवारी १८९९ मध्ये त्यांना घराबाहेर बोलावून वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी ठार केले. तेथे फिर्याद, साक्ष आणि निकाल हे सगळे त्या तरुणांच्याच हाती होते. लढा सुरू झाल्यावर पहिल्या दोन वर्षांतच पुण्याच्या माणसांनी पुण्याची माणसे मारली. गांधीजींनी १९०९ साली बोटीवर ‘हिंद स्वराज्य’ लिहिले तेव्हा त्यांना नेमकी हीच भीती होती, की खून करून जे सत्तेवर येतील ते देशाला सुखी करणार नाहीत.

पत्री सरकारचे आपण केलेले समर्थन मला म्हणूनच सर्वांत धोकादायक वाटते. गावाने भाकरी दिली यावरून गाव खूश होते एवढेच आपण गृहीत धरता. हातात काठी आणि बंदूक असलेला मनुष्य दारात उभा राहिल्यावर भाकरी कोणी प्रेमाने दिली आणि कोणी भीतीने, हे नंतर कसे ठरवणार? पत्री सरकारची शिक्षा म्हणून तळपायावर काठ्या खाणारा प्रत्येक जण खबऱ्या किंवा गुंडच होता, याची खात्री कोणी करून घेतली होती? १९४४ मध्ये गांधीजींनी भूमिगतांना उघडपणे बाहेर येण्याचा सल्ला दिला होता आणि तो साताऱ्याने मानला नाही, हेही आपण सांगायला हवे होते.

प्रतिसाद २

मला धागाकर्त्यांच्या आणि वरील प्रतिसादाच्या, दोघांच्याही मांडणीवर आक्षेप आहे. जाब विचारण्याची सोय हवी असे आपण १८९७ सालच्या पुण्याबद्दल म्हणता, तेव्हा त्या पुण्यात कोणती सोय होती? रँडच्या खुनानंतर पुण्याच्या नातू बंधूंना खटला न चालवता स्थानबद्ध केले गेले, टिळकांना लेखांबद्दल अठरा महिने सक्तमजुरी झाली. बाबाराव सावरकरांना कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जून १९०९ मध्ये जन्मठेप, म्हणजे अंदमान, आणि त्यांचा खटला पुढे पाठवणारा अधिकारी जॅक्सनच होता. कवितेला जन्मठेप देणाऱ्या राज्यात सनदशीर मार्ग शिल्लक होता असे ज्यांना वाटते, त्यांनी तो मार्ग कोणत्या दारातून जात होता ते दाखवावे.

झडत्या मे महिन्यात थांबल्या, म्हणून जूनमधील गोळी निव्वळ सूड ठरते हेही मला पटत नाही. त्या झडत्यांबद्दल एकाही अधिकाऱ्याला शिक्षा झाली नव्हती, आणि साथ परत आली तर तेच सगळे पुन्हा होणार हे प्रत्येक पुणेकराला दिसत होते.

आणखी एक विसंगती मला खटकते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, त्यात वीसहून अधिक जण गेले, आणि गोवा जागचा हलला नाही. डिसेंबर १९६१ मध्ये आपले सैन्य आत गेले आणि दोन दिवसांत तो मुक्त झाला. त्या कारवाईतही माणसे मेली. तिला आपण हिंसा म्हणून नावे ठेवत नाही. मग गणवेश नसलेल्या तरुणाचेच शस्त्र तेवढे अनैतिक का ठरावे?

धागाकर्त्यांचा खुलासा

दुसऱ्या प्रतिसादातील गोव्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो. गणवेशामुळे शस्त्र पवित्र होते असे मी कोठेही म्हटलेले नाही. १९६१ ची कारवाई संसदेला उत्तर देणाऱ्या सरकारने केली, तिच्यावर उघड चर्चा झाली, आणि ती चुकली असती तर जबाबदार कोण हे सर्वांना ठाऊक होते. चार-पाच जणांनी बंद खोलीत शपथ घेऊन ठरवलेल्या खुनात हे काहीच नसते, मग तो जुलमी अधिकाऱ्याचा का असेना. कवितेला जन्मठेप देणे अमानुषच होते. पण नाट्यगृहातील गोळीने बाबारावांचा अंदमानातील एक दिवसही कमी झाला नाही, उलट त्यांचे धाकटे भाऊ विनायक सावरकर यांनाही तेथे जावे लागले.

पहिल्या प्रतिसादातील आयर्स्ट आणि द्रविड यांच्याविषयीचे म्हणणे रास्त आहे, आणि त्याने माझ्या मूळ मांडणीला बळच मिळते. भाकरी भीतीने दिली असेल या शंकेला मात्र साताऱ्याच्या पुढील इतिहासातच उत्तर आहे. १९४६ मध्ये नाना पाटील उघडपणे लोकांत परतले आणि १९५७ मध्ये, त्यांच्या हाती ना तुफान सेना होती ना बंदुका, तेव्हा साताऱ्याने गुप्त मतदानाने त्यांना लोकसभेत पाठवले. तेही काँग्रेसच्या विरोधात, कम्युनिस्ट पक्षाचे म्हणून. दहशतीच्या आठवणी काढत कोणी असे मतदान करत नाही.

प्रतिसाद ३

निवडणुकीतील विजय हा बहुसंख्यांचा कौल असतो. न्यायदान मंडळापुढे जो उभा राहिला तो मात्र बहुधा गावात एकटा असे, आणि त्याच्यावर अन्याय झाला असेल तर १९५७ च्या मतपेटीतून तो कोणालाही कळणार नव्हता. आपली कसोटी लोकांना जाब विचारता येतो का असे विचारते. ज्याच्या तळपायांवर काठी पडली त्याला तो कोणाकडे विचारता येत होता, हे आपण अजून सांगितलेले नाही, आणि ते सांगितल्याशिवाय साताऱ्याला नाशिकपासून वेगळे काढता येईल असे मला वाटत नाही.