मेकाँगचा अजस्र मासा कोळ्यांनी संपवला म्हणणाऱ्यांसाठी

भीमाकाठ
नदीतल्या मोठ्या माशांच्या धाग्यावर काल एका सदस्याने लिहिलं, "दिसला की मारून खायचा, या हावरटपणानेच मेकाँगचा अजस्र मासा (आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीतला जायंट कॅटफिश) संपला." त्याला बरंच अनुमोदन मिळालं. मला ते वाचून राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

हा मासा जवळजवळ तीन मीटर वाढतो. २००५ ला थायलंडच्या च्यांग खोंगला २९३ किलोचा सापडला होता. मोठेपणी तोंडात दात नाहीत, शेवाळावर जगतो. विणीसाठी नदीत लांबवर चढावं लागतं, वाट अडली की वीण खुंटली. लाओसने २०१९ ला सायाबुरी धरण थेट मुख्य प्रवाहावर सुरू केलं. पाठोपाठ डॉन साहोंग झालं, आणि तेही नेमकं त्या फाट्यावर जिथून मासे उन्हाळ्यातसुद्धा वर चढायचे. वरच्या अंगाला चीनच्या धरणांची रांग आहेच. कोळी पिढ्यान्‌पिढ्या हाच मासा धरत आले, तेव्हा तो टिकला होता. दोष कोणाच्या माथी मारताय याचा जरा विचार करा.

खाडीकर
टिकला होता? तो २९३ किलोचा मासा जिवंत सोडायचं ठरलं होतं. तो मेला आणि लोकांनी खाल्ला. सायाबुरी २०१९ चं म्हणता, पण हा मासा 'अतिसंकटग्रस्त' ठरला २००३ ला. सोळा वर्षं आधी! मी स्वतः कोळ्याच्या घरातला. पर्ससीनने (यांत्रिक बोटींच्या मोठ्या घेराच्या जाळ्याने) आमच्या बंदराची काय दशा केली ते डोळ्यांनी पाहिलंय. गरीब आहे म्हणून जाळं निर्दोष ठरत नाही.

भीमाकाठ
तारखांचा मुद्दा मान्य करणं भाग आहे. पण मुख्य प्रवाहावरचं चीनचं मानवान धरण नव्वदच्या दशकातलं, तेही मोजा. आणि त्याच च्यांग खोंगच्या कोळ्यांनी २००६ ला, राजाच्या कारकिर्दीला ६० वर्षं झाली म्हणून, हा मासा धरणं थांबवायचं कबूल केलं. वीज विकणाऱ्यांनी काय थांबवलं, ते सांगा.

अनिकेत_बँकॉक
इथे राहतो म्हणून लिहितोय. थाई मत्स्यखात्याने १९८३ पासून याचं कृत्रिम प्रजनन केलंय. बँकॉकच्या आसपास गळाच्या तलावांत हे मासे आहेत, ऑफिसातल्या मित्राने माणसाएवढा ओढला, माझ्यासमोर. नामशेष झाला म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही.

सुनंदा_ना
अनिकेत, तलावात सोडलेला मासा तिथे आपणहून वीत नाही. पिल्लं हॅचरीतच काढावी लागतात, तीही मोजक्या आई-बापांची. नदीतली जात वाचली असं याला म्हणत नाहीत. आणि इथले सगळे हॉटेलात जो 'बासा' खाता ना, तो याच माशाचा अगदी जवळचा भाऊबंद. नदीतला रानटी बासाही आता संकटग्रस्त आहे.

पाटसकर
बासाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. आमच्याकडे जलाशयात पिंजरे टाकून हाच मासा, म्हणजे पंगस, वाढवतात. पिंजरा फाटला की परका मासा धरणात. मेकाँगचं रडगाणं इथे कशाला? आपल्या भीमेत शिवडा, हा आपला मोठा नदीमासा, किती उरलाय ते विचारा. माझे मामा उजनीत बुडालेल्या गावातले. धरणाआधी नदीला हातभर लांबीचे शिवडे मिळायचे. आता जाळं ओढलं की चिलापीच (तिलापिया) चिलापी.

खाडीकर
म्हणजे उजनीने पण शिवडा मारला? मग मांगूर, तो परका मासा, कोणी आणला? आफ्रिकन मांगूरच्या संवर्धनावर २००० पासून बंदी आहे, हरित लवादाने २०१९ ला साठे नष्ट करायला सांगितले, तरी तळी चालू! कोंबड्यांची घाण खायला घालतात, शेजारच्या विहिरी नासतात. हे धरणवाले करतात की आपलेच लोक?

पाटसकर
'आपलेच लोक' कोणाला म्हणता? भोई समाजाकडे पाण्याचा ठेका तरी आहे का? मांगूरची तळी पैसेवाल्यांची आहेत. माझा चुलतभाऊ रात्रभर होडीवर असतो, ठेकेदाराला पैसे मोजतो, आणि परक्या माशाचा दोष त्याच्यावर! पाण्यात पाय न घालता बोलू नका.

खाडीकर
मी खाडीत वाढलोय, पाण्यात पाय घालायला मला शिकवू नका.

अनिकेत_बँकॉक
मेकाँगवर या, उजनीवरून पुरे.

सुनंदा_ना
पुरे कसं? दोन्हीकडे तेच चाललंय. नदी अडवायची, मग तळ्यात भरपूर मासा काढून दाखवायचा आणि नदी बरी आहे म्हणायचं. पाटसकर, तुमच्या भावाची बाजू पटते, पण पिंजऱ्यांना विरोध करताना ते चालवणारे स्थानिक बचत गटही बघा.

पाटसकर
बघतो. तरी परका मासा तो परकाच.

भीमाकाठ
खाडीकर, एवढं वाचा. डिसेंबर २०२४ ला कंबोडियात काही दिवसांत या जातीचे सहा मासे जाळ्यात आले, दोन तर १२० आणि १३१ किलोचे. सहाही खुणा लावून सोडले. पकडणारे मच्छीमारच होते, त्यांनीच कळवलं. मुख्य प्रवाहावर १० वर्षं धरण नाही असं कंबोडियाने २०२० ला जाहीर केलंय, त्याची मुदत मात्र संपणार आहे.

खाडीकर
सोडले हे चांगलं केलं, त्या लोकांना मानतो. पण कंबोडियाच्या तोन्ले साप सरोवरात डासाच्या जाळीएवढ्या आसाची (छिद्राची) जाळी लागतात, पिल्लू सुटतच नाही. मुदत संपायची वाट बघत असाल तर तोवर आसाचा नियम आधी पाळायला लावा. धरणाबद्दल बाकी तुमचं खरं आहे.