मदत हवी आहे: किनाबालूला पतंग (रात्री दिव्याकडे येणारे कीटक) कुठे आणि किती वाजता शोधावेत?

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून बोर्निओला, मलेशियाच्या साबा राज्यात जातोय. किनाबालू पार्क या राष्ट्रीय उद्यानाजवळ कुंदासांगला मुक्काम, सोबत आई आणि लहान मुलगी, त्यामुळे रात्री जंगलात भटकणं जमणार नाही. लिसा झाम्पा आणि ब्राह्मिया हे दोन पतंग बघायची फार इच्छा आहे. फक्त फोटो काढणार, पकडणार काहीच नाही.

ताम्हिणीत पावसाळ्यात पतंगांना खेचायला पांढरी चादर आणि अतिनील एलईडी दिवा लावून बघितलंय. तिथे ॲटलास हा मोठा पतंगसुद्धा येऊन बसला होता, पंखाच्या टोकाला अगदी सापाचं तोंड! तोच दिवा नेतोय. २०,००० एमएएचची पॉवरबँक केबिन बॅगेत ठेवणार. लक्ष्मीपूजनाची अमावास्या तिथेच येते, म्हणजे दिव्याचं आकर्षण कमी करणाऱ्या चांदण्याचा त्रास नाही. पण एका होमस्टेने इतर पाहुण्यांमुळे चादर लावायला नकार दिलाय.

म्हणून आता भिस्त इमारतींच्या बाहेरच्या दिव्यांवर. उजाडताच पक्षी भिंतीवरचे पतंग वेचून खातात, तेव्हा त्याआधी पोचायला हवं. तिकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा: पार्कच्या आत राहावं की कुंदासांगलाच? आणि पहाटे नेमकं किती वाजता बाहेर पडावं?