मदत हवी आहे : आई-बाबांना घेऊन मार्सेलिसला

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे पॅरिसला येतायत. बाबांनी व्हिसा हातात पडायच्या आधीपासून एकच धोशा लावलाय : मार्सेलिस. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून उडी मारली तो समुद्र त्यांना बघायचाय. शाळेपासून मनात असलेली गोष्ट सत्तरीनंतर पुरी होतेय, म्हणून ही सहल नीट व्हावी असं फार वाटतं.

तेजेव्हे या वेगवान रेल्वेची तिकिटं काढली आहेत, साडेतीन तासांच्या आत पोचू. पुढचं ठरत नाहीये. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढ आणि जिने शक्यतो नकोत. दोघंही शाकाहारी, आईला अंडंही चालत नाही, आणि हे तर माशांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव! लेकीला फक्त समुद्र हवाय. राहायचं कुठे? ते कालांक नावाचे पांढऱ्या कड्यांमधले समुद्राचे फाटे न चालता बघता येतात का? आणि बाबांना ते बंदर निवांत कुठून दिसेल?

प्रतिसाद १

राहायला व्ह्यू-पोर, म्हणजे जुनं बंदर. सेंट शार्ल स्टेशनाबाहेरचा भव्य जिना १०४ पायऱ्यांचा आहे, त्याच्या नादी लागू नका. आतूनच मेट्रो १ घ्या, दुसरं स्टेशन व्ह्यू-पोर. सकाळी धक्क्यावर कोळी ताजी मासळी विकतात. आई-बाबांना नको असेल तर तिथे जरा उशिरा जा. शेजारीच नॉर्मन फॉस्टरचं २०१३ मधलं आरशाचं छत आहे. त्याखाली उभं राहून वर बघायला मुलांना फार आवडतं.

टेकडीवरचं नोत्र-दाम द ला गार्द चुकवू नका. सुमारे १५० मीटर उंची आहे, पण ६० नंबरची बस वर नेते. भिंतींवर १९४४ च्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा आहेत आणि आत दर्यावर्दींनी नवस फेडताना वाहिलेल्या छोट्या बोटी टांगलेल्या आहेत. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ल पानिए ही जुनी वस्ती सुंदर, पण सगळी चढउताराची, आईंसाठी वगळा.

कालांक बोटीतूनच बघा, जुन्या बंदरातूनच फेऱ्या निघतात. फक्त मिस्त्राल वाऱ्याचा अंदाज बघून ठेवा. तो सुटला की बोटी रद्द होतात, आणि वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जाऊन खालचं थंडगार पाणी वर येतं, मग ऊन असूनही पोहवत नाही. लेकीसाठी प्रादोचे किनारे बरे, मोकळे आणि बाजूला हिरवळ.

प्रतिसाद २

बंदरासाठी दोन जागा सांगते. एक, फोर सें-जां किल्ला. आवारात तिकीट नाही आणि तिथून पुलावरून थेट मुसेम संग्रहालयात जाता येतं (मंगळवारी बंद). दुसरी, ला माजोर कॅथेड्रलसमोरची गच्ची. तिथून जोलिएत भागातलं बंदर आणि लागलेल्या बोटी समोर दिसतात. बाबांना तिथे बसू द्या, घाई करू नका. सावरकरांच्या त्या उडीचं प्रकरण पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला, हे नातीला त्यांच्याच तोंडून ऐकू दे.

आणि मझार्गची युद्ध-दफनभूमी नक्की बघा. १९१४ च्या सप्टेंबरात हिंदी फौज याच बंदरात उतरली होती. तिथे पहिल्या महायुद्धातले कितीतरी भारतीय सैनिक आहेत, आणि ज्यांचं दहन झालं त्यांचं स्मारकही आहे. मार्सेलिसला येऊन फक्त समुद्र बघून परतणाऱ्या मराठी लोकांबद्दल मला खरंच वाईट वाटतं.

खाण्याचं : पानिस मागा. चण्याच्या पिठाचं घट्ट शिजवून कापलेलं आणि तळलेलं असतं, आईंना नक्की रुचेल. लेस्ताक या वस्तीत टपऱ्यांवर गरम मिळतं, पण त्याच तेलात मासे तळत नाहीत ना, ते विचारा. इथल्या पिझ्झ्यावर आणि तापनाद चटणीत अँचोव्ही मासा असतो, त्यामुळे "सां आंशुआ" हे दोन शब्द पाठ करा. आयोली या लसणाच्या सॉसमध्ये अंडं असतं. रातातुई, म्हणजे मिश्र भाजी, चालेल. नोआयच्या बाजारात मसाले, डाळी, भाज्या सगळं मिळतं, म्हणून मी तर स्वयंपाकघर असलेलीच जागा घेईन.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार! स्वयंपाकघराचं सुचलंच नव्हतं, आज हॉटेल रद्द करून फ्लॅट बघते. बोट पहिल्याच दिवशी ठेवते, वारा सुटला तर पुढे ढकलता येईल. मझार्गला बस की टॅक्सी?

प्रतिसाद २

आई बरोबर असतील तर टॅक्सी. येताना चालकाला कॉर्निशवरून आणायला सांगा, समुद्राकाठचा रस्ता आहे. आणि मझार्गला जाताना फुलं आधीच विकत घेऊन ठेवा.