फेकोनंतर (मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर) जोर-बैठका आणि पोहणं कधी सुरू करावं?

फुलेवाडीकर: वडील ६२ वर्षांचे. उजव्या डोळ्याचं फेको होऊन १० दिवस झाले, टाका नाही. दिसतंय झकास, म्हणून आता ऐकत नाहीत. पहाटे रंकाळ्याची फेरी, तालमीत १०० जोर, २०० बैठका, रविवारी पंचगंगेत पोहणं, हा जुना नेम. यातलं काय कधी चालेल?

चष्मेवाला: फेरी चालू दे, गॉगल लावून. बाकी थांबा. स्वच्छ दिसतंय म्हणजे जखम भरली असं नाही. चीर अडीच मिलिमीटरच्या आसपास असते, आतल्या दाबानंच मिटून राहते. जोर मारताना डोकं खाली जातं आणि शेवटच्या वीसेक जोरांत माणूस दम कोंडतोच. दम कोंडला की डोक्यातलं रक्त खाली उतरायला अडतं, डोळ्यातला दाब चढतो. म्हणून जोर महिनाभर बंद. बैठका पुढच्या तपासणीत डॉक्टर हो म्हणाले की, त्याही २० पासून, उठताना श्वास सोडत. शीर्षासनात दाब जवळपास दुप्पट होतो. काचबिंदू असेल तर ते कायमचंच सोडा. आणि भरलेली घागर कुणी दुसरा उचलेल की!

लालमाती: माझ्या मते जोरापेक्षा पाणी आणि माती वाईट. आंघोळ सध्या मानेखालून. नदीत महिना-दीड महिना नको. पोहण्याचा गॉगल गळतो, त्याच्या भरवशावर राहू नका. कुस्तीच्या हौदाच्या मातीत हळद, ताक, लिंबू असतं म्हणून ती औषधी, असं तालमीत सांगतील. ताज्या जखमेला तीच माती बुरशीचं घर. कपाळाचा घाम धुतलेल्या रुमालानं टिपायचा, खांद्यावरच्या पंचानं नाही. दोन औषधांच्या थेंबांत ५ मिनिटांचं अंतर, नाहीतर पहिलं औषध वाहून जातं. डोळा ठणकला, लाल झाला किंवा आदल्या दिवसापेक्षा अंधुक दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना. रविवार असला तरी.

फुलेवाडीकर: मामांचं पडद्याचं ऑपरेशन मुंबईला आहे. त्यांनाही हेच?

चष्मेवाला: नाही, तिथं हिशेब निराळा. डोळ्यात गॅस सोडला तर तो विरेपर्यंत विमान बंद. गॅसच्या प्रकारानुसार दोन ते आठ आठवडे. घाट चढून कोल्हापूरला यायचं तरी आधी सर्जनला विचारा. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर. वर चढलं की हवेचा दाब कमी होतो, डोळ्यातला गॅसचा बुडबुडा फुगतो.

फुलेवाडीकर: कळलं. जोर बंद ठेवतील, पण बैठका २० म्हटलं की भांडण ठरलेलं.