मदत हवी आहे: चिपाड घातलेल्या कच्च्या विटा तडकतायत

रानातला_गडी (बार्शी)
शेतात खोली बांधायची आहे, भट्टीची वीट परवडत नाही. माती आणि उसाचं चिपाड कालवून विटा पाडल्या. वाळल्या की मधोमध भेग, कोपरे हातात येतात. पावसाआधी भिंती उभ्या राहायला हव्यात. फक्त प्रमाण सांगा.

ओळंबा
माती कुठली?

रानातला_गडी
शेतातलीच, अजून कुठली असणार?

ओळंबा
म्हणजे काळी. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात रानात भेगा पडतात, तेच विटेत होतंय. जुनी घरं पांढऱ्या मातीची असायची, ती उगाच नाही.

सिव्हिलवाला
एवढं काय? ५ टक्के सिमेंट घाला. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलला यंत्रानं दाबलेल्या मातीच्या विटांत तेवढंच घालतात, चार आठवडे ओल्या ठेवतात.

मातीकाम_ताई
अहो, तिथली माती वेगळी, वर यंत्राचा दाब. काळीला सिमेंटपेक्षा चुना मानवतो. आणि चिपाड ताजं का? त्यात साखर उरलेली असते, सिमेंट धरायला अडथळा होतो.

रानातला_गडी
गुऱ्हाळावरून त्याच दिवशी आणलेलं. सिमेंट थोडं घातलंच होतं की, ते सगळेच घालतात.

मातीकाम_ताई
हे आत्ता सांगताय?

सेंद्रिय_आबा
चिपाड विटेत कशाला घालता? कुजवून रानात टाका, सेंद्रिय कर्ब वाढेल. पाचटही जाळू नका.

जुना_वाडा
वर पत्रा नको हं, माळवद करा, म्हणजे मातीचं सपाट छत. आमच्या आजोळी भर वैशाखात आत गार असायचं.

सिव्हिलवाला
आणि दरवर्षी माती कोण चढवणार? मजूर मिळतात का?

रानातला_गडी
छताचं विचारलंच नाही मी!

मातीकाम_ताई
ऐका. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवा, रात्रभर ठेवा. तळाला वाळू बसते, वर गाळ, सगळ्यात वर चिकण. चिकणच निम्मी दिसली तर वाळू किंवा बारीक मुरूम मिसळावाच लागेल. चिपाडाऐवजी गव्हाचं काड बोटभर तोडून घाला. सिमेंट नको. चिखल आठवडाभर मुरू द्या, आंबूस वास येईल, येऊ द्या. पायानं तुडवून मगच साच्यात. वाळवायच्या सावलीत, गोणपाटाखाली. उचलण्याइतक्या घट्ट झाल्या की कडेवर उभ्या करा. उन्हात वरचा पापुद्रा आधी वाळतो, आत ओल राहते, म्हणून फाटतात.

ओळंबा
जोतं मात्र दगडाचं घ्या, दोन फूट तरी. पावसाचं पाणी उडून खालचेच थर आधी खचतात.

रानातला_गडी
काड सोयाबीनचं आहे. चालेल?

ओळंबा
मळणीचं भुसकट असेल तर फार आखूड. लांब तंतू हवा, भेग तोच धरून ठेवतो.

लाल_माती
मी चिपळूणचा. आमच्याकडे भाताचं तूस ढीगभर पडलंय, ते चालेल का?

मातीकाम_ताई
तुसापेक्षा पेंढा बरा. पण तुमची माती वेगळी, वेगळा धागा काढा.