मदत हवी आहे: जुन्या टोपो नकाशावरच्या पवनचक्क्या सरकलेल्या दिसतात

अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या सँडहिल्समधल्या रँचेसचा (गुरांच्या कुरणांचा) 1:62,500 चा जुना यूएसजीएस (अमेरिकेची भूसर्वेक्षण संस्था) नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवतोय. पॉलिकॉनिक प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची एक पद्धत), नॅड 27 डेटम (अक्षांश-रेखांश मोजण्याचा 1927 चा उत्तर अमेरिकी आधार). चारही कोपरे अक्षांश-रेखांशांवर चोख बसतात, पण आजच्या उपग्रहचित्रावर टाकलं की पवनचक्क्या, कुंपणं 40 मीटरच्या आसपास सरकतात. या स्केलवर 1 मिलिमीटर म्हणजे 62.5 मीटर, त्यामुळे एवढी चूक छपाईतही खपून जाते. पण सगळंच एका दिशेला सरकलंय, म्हणून संशय डेटमवर.

नॅडकॉनची ग्रिड फाइल (जुन्या डेटमवरून नव्यावर जाताना कुठे किती सरकवायचं याचा तक्ता) नसल्यामुळे क्यूजीआयएस ढोबळ रूपांतर करत असेल का? ते नेमकं कुठे तपासायचं? आणि कंट्रोल पॉइंट (नकाशा जुळवायच्या ओळखीच्या खुणा) म्हणून सेक्शनचे, म्हणजे सरकारी मोजणीतल्या साधारण एक मैल चौरस तुकड्यांचे, कोपरे धरावेत का? ते मैलामैलावर मिळतात खरे, पण जुन्या पाहणीतच वाकडे असतात. विहिरीचं पाणी उपसणाऱ्या या पवनचक्क्या तर बेभरवशाच्याच, विहीर आटली की हलवतात.