१९१७ साली मुंबईजवळ बुडालेल्या आगबोटी आणि कोकणी खलाशांची नोंद

दाभोळखाडी (प्रश्न) :
माझे पणजोबा दाभोळ खाडीकाठच्या एका गावचे. मुंबईहून सुटणाऱ्या विलायती आगबोटीवर ते खलाशी होते आणि १९१७ च्या पावसाळ्यात, मुंबई जवळ आली असताना, बोटीबरोबरच गेले, एवढेच घरात सांगितले जाते. गेल्याची तिथी ठाऊक नसल्याने आम्ही सर्वपित्री अमावास्येलाच त्यांचे पान वाढतो. घरी पत्र्याची एक नळी आहे; तिच्यात गुंडाळून ठेवलेला दाखला कडांनी विरला असला तरी बोटीचे नाव आणि १९१५ हे साल वाचता येते. बोट पाणबुडीने फोडली, असे आजी सांगत असे. त्या काळी पाणबुड्या आपल्या समुद्रात आल्या होत्या का, आणि पणजोबांचे नाव कुठे लिहिलेले सापडेल का?

हर्णैकर :
पाणबुडीची आठवण बहुधा दुसऱ्या महायुद्धातून मागे सरकली असावी. मुंबईहून मोंबासाकडे निघालेली ‘तिलावा’ २३ नोव्हेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीने बुडवली. पहिल्या युद्धात जर्मन पाणबुड्यांचा वावर अटलांटिक आणि भूमध्य समुद्रात होता. आपल्याकडे आले ते सुरुंग. ‘वोल्फ’ ही जर्मन युद्धनौका साध्या मालबोटीचे सोंग घेऊन, तोफा झाकून आणि साडेचारशेहून अधिक सुरुंग पोटात घेऊन १९१६ च्या नोव्हेंबरअखेर कीलहून निघाली. केप टाऊन आणि कोलंबोप्रमाणेच तिने फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईच्या वाटेवरही सुरुंग पेरले आणि एकाही बंदराला न लागता सुमारे पंधरा महिन्यांनी ती परत गेली. ते सुरुंग चार महिने पाण्याखाली तसेच राहिले. जूनमध्ये ‘सिटी ऑफ एक्झेटर’ त्यांवर आदळून जखमी झाली, तर पी. अँड ओ. कंपनीची ‘मंगोलिया’ २३ जून १९१७ रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबईपासून पन्नासेक मैलांवर बुडाली. तुमच्या घरातली पावसाळ्याची आठवण या तारखेशी जुळते, म्हणून शोध मी ‘मंगोलिया’पासून सुरू केला असता.

खेड-मुंबई :
एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. असा दाखला सफर संपवून खलाशी उतरला की मिळत असे. त्यामुळे नळीतला कागद ज्या फेरीतून ते सुखरूप परतले तिचा आहे, आणि त्यावरचे नाव बुडालेल्या बोटीचे आहे असे धरून चालू नये. माझ्या एका नातेवाइकाच्या बाबतीत आम्ही नेमकी हीच चूक केली आणि दोन वर्षे भलत्याच बोटीचा माग काढत बसलो.

मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक नाविकांच्या स्मृतीसाठी ते आहे आणि त्यांची नावे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावरही शोधता येतात. मात्र व्यापारी बोटींवरील माणसांची नोंद शत्रूच्या कारवाईत मृत्यू आला असेल तरच झाली. आजाराने किंवा वादळात गेलेल्यांची नावे त्यात नाहीत. शिवाय कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे इंग्रजीत लिहिले, तेव्हा आडनावावर विसंबू नका. बोटीचे नाव आणि तारीख धरून यादी काढावी आणि तीत बापाचे नाव किंवा गाव कुठे जुळते ते पाहावे. रत्नागिरीकडची माणसे बहुतेक डेकवर, गोव्याची सलूनमध्ये (म्हणजे उतारूंच्या जेवणाखाण्याच्या सेवेत) आणि पंजाब-सरहद्दीकडची इंजिनात, अशी भरतीची वाटणी असे. समोर लिहिलेला हुद्दाही त्यामुळे उपयोगी पडतो.

दाभोळखाडी :
आपणा दोघांचा अत्यंत आभारी आहे. १९१५ हे साल डोळ्यांसमोर असूनही तो दाखला आधीच्या सफरीचा असेल, हे आमच्या घरात कुणालाच सुचले नव्हते. ‘मंगोलिया’च्या यादीत पणजोबा सापडले, तर २३ जून १९१७ ची तिथी पंचांगातून काढून घेईन, तोवर पान सर्वपित्रीलाच.